बावीस माणसं आणि एक बँजो

मुलांनो, तुमची एखाद्या मित्राशी कट्टी झाली तर ती जास्तीत जास्त किती दिवस टिकते? आमच्या चौथीच्या वर्गातला विक्रम अकरा दिवसांचा आहे, आणि मध्ये गणपतीची सुट्टी आली म्हणूनच तो इतका लांबला! कट्टी आपल्याला परवडते, कारण शाळा सुटली की तो त्याच्या घरी आणि आपण आपल्या घरी. पण समजा, शाळा सुटलीच नाही तर? तेच चेहरे, तीच जागा, बाहेर नजर जाईल तिथपर्यंत बर्फ, आणि दोन-दोन महिने सूर्याचं तोंडसुद्धा दिसत नाही. मग कट्टी घेऊन कुठे जाऊन बसाल?

हे मी मनानं रचून सांगत नाही, बरं का. खरोखर असं घडलेलं आहे.

१९१४ साली सर अर्नेस्ट शॅकल्टन नावाचा एक धाडसी माणूस इंग्लंडहून अंटार्क्टिकाकडे निघाला. दक्षिण ध्रुवावर नॉर्वेचा अमुंडसेन १९११ च्या डिसेंबरातच पोचला होता. तेव्हा शॅकल्टननं ठरवलं, की आपण ध्रुवावरून जाऊन अख्खा खंडच पायी ओलांडायचा, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत! त्याच्या जहाजाचं नाव 'एन्ड्युअरन्स', म्हणजे चिवटपणा. ते त्याच्या घराण्याच्या ब्रीदवाक्यातून घेतलेलं होतं. हे नाव किती खरं ठरणार आहे, ते तेव्हा त्याला तरी कुठे माहीत होतं?

शॅकल्टननं माणसं कशी निवडली ते ऐकलंत तर हसाल. रेजिनाल्ड जेम्स हा भौतिकशास्त्र शिकलेला हुशार तरुण मुलाखतीला आला. त्याला वाटलं, आता अवघड अवघड प्रश्न येणार. शॅकल्टननं विचारलं, दात चांगले आहेत का? स्वभाव कसा आहे? आणि गाता येतं का? म्हणजे उस्तादांसारखं नव्हे हं, चारचौघांत बसून मोठ्यानं ओरडता आलं तरी पुरे! लिओनार्ड हसी नावाचा दुसरा एक बुटका तरुण सुदानच्या तापलेल्या वाळवंटातून थेट बर्फात येण्यासाठी अर्ज करतो, याचंच शॅकल्टनला हसू आलं, आणि त्यानं त्याला घेतलं. या हसीकडे एक बँजो होता. बँजो म्हणजे तारांचं एक वाद्य. तो नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(जाता जाता एक सांगते. या मोहिमेसाठी शॅकल्टननं वर्तमानपत्रात दिलेली म्हणून एक मोठी झोकदार जाहिरात पुष्कळ पुस्तकांत छापलेली असते. कितीतरी लोकांनी जुने अंक चाळले, पण मूळ जाहिरात आजवर कुणालाही सापडलेली नाही. तेव्हा ती कुणी ऐकवली तर खुशाल विचारा, "कुठल्या तारखेचा अंक?")

जहाजावर एक चोरटा प्रवासीही होता. पर्स ब्लॅकबोरो नावाच्या पोराला नोकरी नाकारली, तेव्हा तो अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरिस बंदरात गुपचूप जहाजात शिरून लपून बसला. सापडला तेव्हा जहाज भर समुद्रात होतं. शॅकल्टन भयंकर चिडला. शेवटी दरडावून म्हणाला, की अशा मोहिमेत अन्न संपलं तर चोरट्या प्रवाशालाच आधी खातात, ठाऊक आहे ना? ब्लॅकबोरोनं त्या धिप्पाड माणसाकडे वर बघत सांगितलं, की साहेब, तुमच्या अंगावर मांस जास्त निघेल! असं म्हणतात, की शॅकल्टननं हसू दाबलं आणि पोराला स्वयंपाकघरात मदतीला धाडून दिलं. आता ते झाले अठ्ठावीस जण.

१९१५ च्या जानेवारीत, किनारा जवळ आलेला असताना, वेडेल समुद्रातल्या बर्फानं जहाजाला चहूबाजूंनी घेरलं. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. भज्याच्या घट्ट पिठात चमचा अडकावा, तसं जहाज त्या बर्फात अडकून बसलं. वाट बघण्यापलीकडे हातात काही नव्हतं. आणि वाट बघणं हे किती कठीण काम आहे, ते निकालाच्या आदल्या दिवशी तुम्हाला कळतंच.

मग या लोकांनी काय केलं? बर्फावर फुटबॉल खेळले, हॉकी खेळले. जहाजाच्या पोटातली सामानाची जागा मोकळी करून तिथे राहायची सोय केली आणि तिला नाव दिलं 'रिट्झ', म्हणजे लंडनमधल्या सगळ्यांत झोकदार हॉटेलाचं! एकदा सगळ्यांनाच लहर आली आणि एकमेकांची डोकी भादरून सगळे गोटे झाले. जूनमध्ये दिवसाही काळोख असायचा, तर त्या काळोखात कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या शर्यती लावल्या आणि पैजेला चॉकलेटं ठेवली. हिवाळ्याच्या ऐन मध्यावर नाटुकली केली, सोंगं काढली, गाणी म्हटली. मोठमोठी दाढीवाली माणसं, बरं का! आपल्याकडे स्नेहसंमेलन वर्षातून एकदा होतं. त्यांचं तर बाराही महिने चाललं होतं म्हणायला हरकत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्या संकटात मजा कसली करतात ही माणसं? मला वाटतं, शॅकल्टनला एक गोष्ट पक्की माहीत होती. थंडीनं माणूस मरतो खरा, पण त्याच्या आधी तो कंटाळ्यानं आणि भांडणानं खचतो. म्हणून तो बर्फाइतकंच माणसांकडे लक्ष ठेवून असे. पुढे जहाज सोडून तंबूत राहायची वेळ आली, तेव्हा कुणी कुठल्या तंबूत झोपायचं हे त्यानंच ठरवलं. आणि आपल्या तंबूत त्यानं कुणाला घेतलं? आवडत्या मित्रांना नव्हे. ज्याला सारखं कौतुक लागे तो छायाचित्रकार हर्ली, ज्याची इतर जण हमखास टिंगल करत तो बिचारा जेम्स, आणि सगळ्यांच्या डोक्याला ताप देणारा हडसन! ज्यांच्यामुळे तंबूतंबूत कुरबुर सुरू झाली असती, त्यांना यानं आपल्या शेजारी झोपवलं. झोपायच्या उबदार केसाळ पिशव्या सगळ्यांना पुरणार नव्हत्या, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. पण चिठ्ठ्यांत अशी काही 'गंमत' झाली, की शॅकल्टन आणि बहुतेक अधिकाऱ्यांच्या वाट्याला साध्या लोकरीच्या पिशव्या आल्या आणि उबदार पिशव्या खलाशांना मिळाल्या! खलाशी काही दुधखुळे नव्हते. त्यांना सगळं समजलं.

ऑक्टोबरच्या अखेरीस बर्फाच्या दाबानं जहाजाच्या फळ्या कडाकड मोडू लागल्या. २७ ऑक्टोबर १९१५ ला जहाज सोडावं लागलं, आणि २१ नोव्हेंबरला ते पाण्याखाली गेलं. आता सामान ओढत न्यायचं, म्हणून प्रत्येकानं स्वतःचं जेमतेम एक किलोभर सामान ठेवायचं असा हुकूम निघाला. शॅकल्टननं सगळ्यांदेखत खिशातली सोन्याची नाणी काढून बर्फावर फेकून दिली. आणि हसीचा बँजो? त्याचं वजन होतं पाच किलोहून जास्त. हसीनं तो सोडून दिला होता, तर शॅकल्टननं स्वतः तो घ्यायला लावला. त्याचं म्हणणं असं, की हे मनाचं औषध आहे, हे लागणार. सोनं टाकलं आणि बँजो घेतला!

आता एक वाईट गोष्ट सांगते. ती लपवून ठेवली तर ही गोष्ट खोटी ठरेल. जहाजावर एक मांजर होतं, सुतार मॅकनिशच्या मागे मागे फिरणारं. त्याला सगळे 'मिसेस चिपी' म्हणत, खरं तर होता तो बोका. जहाज सोडल्यावर पुरेसं अन्न नाही म्हणून त्या बोक्याला आणि कुत्र्यांच्या छोट्या पिल्लांना गोळी घालावी लागली. पुढे मोठ्या कुत्र्यांचीही तीच गत झाली. मॅकनिशनं ती गोष्ट मनातून कधीच जाऊ दिली नाही.

पाच-सहा महिने वाहत्या बर्फावर काढून, १९१६ च्या एप्रिलमध्ये तीन छोट्या होड्यांतून ते एलिफंट बेटावर पोचले. दगड, बर्फ आणि वारा, दुसरं काही नाही. त्या वाटेनं जहाजंही जात नसत. मग शॅकल्टन पाच जणांना घेऊन एका होडीतून मदत आणायला निघाला. सुमारे तेराशे किलोमीटर खवळलेला समुद्र, आणि मग साउथ जॉर्जिया बेटावरचे, कुणी कधी न ओलांडलेले बर्फाचे डोंगर! ती थरारक हकिगत तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला मात्र मागे राहिलेल्या बावीस जणांचं जास्त वाटतं. होडीत बसलेल्याला निदान वल्हवायला तरी मिळतं. यांनी काय करायचं?

उरलेल्या दोन होड्या त्यांनी दगडांच्या बुटक्या भिंतींवर पालथ्या घातल्या आणि त्याखाली घर केलं. आत सरळ उभं राहता येत नव्हतं. सीलच्या चरबीचे दिवे लावायचे, त्यांच्या काजळीनं सगळे भुतासारखे काळे. फ्रँक वाइल्ड हा त्यांचा प्रमुख. तो रोज सकाळी सगळ्यांना उठवायचा आणि सांगायचा, अंथरुणं गुंडाळा रे, आज बॉस येईल! बॉस म्हणजे शॅकल्टन. आज नाही आला तर उद्या सकाळी पुन्हा तेच, आणि तितक्याच उत्साहानं. असं चार महिन्यांहून जास्त! पटकन अंथरूण गुंडाळायला आईला तीनदा सांगावं लागतं अशा घरांनी हे वाक्य जरूर वापरून पाहावं.

एकाकडे पाककृतींचं एक स्वस्तातलं पुस्तक उरलं होतं. रात्री त्यातली एक कृती वाचायची, आणि मग त्यात काय जास्त घालावं यावर सीलचं मांस चघळत कडाक्याचा वाद! शनिवारी हसीचा बँजो निघायचा. त्या ठरलेल्याच चाली, पण लोकांनी त्यावर नवी गाणी रचली, एकमेकांची नावं घालून. ऑर्ड-लीज नावाचे कोठीवाले गृहस्थ असे घोरत, की बाकीच्यांना झोपच लागेना. मग त्यांच्या दंडाला दोरीचा फास बांधून ती दोरी इतरांच्या अंथरुणांपर्यंत नेली. ज्याची झोपमोड होईल त्यानं दोरी खेचायची! गृहस्थ तरीही घोरतच राहिले. शेवटी कुणीतरी सुचवलं, की फास दंडाला न बांधता गळ्याला बांधून बघावा.

इथे जरा थांबूया. हे ऑर्ड-लीज कुणालाच फारसे आवडत नव्हते. तरी त्यांना कुणी थंडीत बाहेर काढलं नाही, त्यांचा घास कमी केला नाही. हडसन मनानं पार खचला होता, पिशवीतून बाहेर यायलाही तयार नसे. त्यालाही कुणी टाकलं नाही. आणि तो चोरटा ब्लॅकबोरो? हिमदंशानं त्याच्या डाव्या पायाची बोटं काळी पडली. जूनमध्ये दोन डॉक्टरांनी त्या पालथ्या होड्यांखाली, थोडंसं क्लोरोफॉर्म उरलं होतं तेवढ्यावर, पाचही बोटं कापली. खोली ऊबदार राहावी म्हणून पेंग्विनची कातडी जाळत बसावं लागलं. शुद्धीवर आल्यावर तो डॉक्टरांकडे बघून हसला, असं त्या वेळी तिथे असलेल्यांनी सांगून ठेवलं आहे.

वर्गात मी पुष्कळदा पाहते. "मी गंमत केली बाई!" असं म्हणणारा एक असतो, आणि खाली मान घातलेला दुसरा. मग गंमत कुणाला वाटली? घोरणाऱ्याच्या दंडाला दोरी बांधणं ही थट्टा चालून गेली, कारण सकाळी त्याच्या ताटलीत इतरांइतकंच मांस पडत होतं. ताटली काढून घेतली असती, तर तीच दोरी छळ झाली असती. तुमच्या बाकावर, तुमच्या रिक्षात, कुणाचं टोपणनाव पाडताना एवढं तपासून बघायला काय हरकत आहे?

३० ऑगस्ट १९१६. शॅकल्टनचे तीन प्रयत्न बर्फानं हाणून पाडले होते. चौथ्यांदा चिली देशाचं 'येल्चो' हे छोटं जहाज घेऊन तो आला. लुई पार्दो हा त्या जहाजाचा कप्तान. शॅकल्टननं लांबूनच ओरडून विचारलं, सगळे ठीक आहात ना? उत्तर आलं, सगळे ठीक! बावीसच्या बावीस जण जिवंत होते. (याच मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या पलीकडच्या बाजूला काम करत होती. तिच्यातले तीन जण मात्र दगावले. ते बहुतेक गोष्टींत गाळलेले असतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.)

सगळं गोड झालं, असंही नाही. सुतार मॅकनिशनं होडीच्या बाजू उंच केल्या, वर आच्छादन ठोकलं, म्हणून तर ती समुद्रात टिकली. पण बर्फावर असताना एकदा त्यानं हुकूम ऐकायला नकार दिला होता. शॅकल्टननं ते विसरलं नाही. इतरांना मिळालेलं ध्रुवीय पदक मॅकनिशला आणि आणखी तिघांना मिळालं नाही. इतक्या जणांना सांभाळून घेणारा माणूस इथे कमी पडला, असं मला तरी वाटतं. मॅकनिश १९३० साली न्यूझीलंडमध्ये वारला. २००४ साली त्याच्या थडग्यावर ब्राँझचं एक मांजर बसवलं आहे, मिसेस चिपीचं.

शॅकल्टन पुन्हा मोहिमेवर निघाला, तेव्हा जुन्यांपैकी कित्येक जण पुन्हा त्याच्याबरोबर गेले. वाइल्ड गेला, बँजोवाला हसीही गेला. ५ जानेवारी १९२२ ला साउथ जॉर्जियापाशीच शॅकल्टन वारला, आणि ५ मार्चला त्याला तिथेच पुरलं. बरोबर शंभर वर्षांनी, ५ मार्च २०२२ ला, एन्ड्युअरन्स जहाज ३००८ मीटर खोल समुद्राच्या तळाशी सापडलं. मागच्या बाजूला नाव अजून स्वच्छ वाचता येतं. आणि तो बँजो इंग्लंडमध्ये ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे. त्यावर हसीच्या सोबत्यांच्या सह्या आहेत.

पण मुलांनो, सगळ्यांनाच सारखी सोबत हवी असते, असं थोडंच आहे? १९३४ साली रिचर्ड बर्ड हा अमेरिकन नौदल अधिकारी अंटार्क्टिकातच, पण एकटा राहिला. आपल्या मुख्य तळापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत, बर्फात खणून बसवलेल्या एका खोलीत. काम होतं हवामानाच्या नोंदी घेण्याचं. पण त्यानं पुढे मोकळेपणानं लिहिलं, की थोडी शांतता मिळावी, एकटं राहून बघावं, ही ओढही होतीच. सुरुवातीचे दिवस त्यानं मजेत काढले. ग्रामोफोन ऐकायचा, पुस्तकं वाचायची, आणि बर्फावर फेऱ्या मारताना कल्पना करायची, की आपण ओळखीच्या गावातल्या रस्त्यावरून हिंडतोय.

आपल्या मराठीत दोन शब्द आहेत, एकांत आणि एकटेपणा. एकांत आपण मागून घेतो. एकटेपणा अंगावर येऊन पडतो. बर्डनं एकांत मागितला होता. मे महिना संपता संपता त्याचा एकटेपणा झाला. शेगडीतून आणि बिनतारी यंत्राच्या इंजिनातून येणारा विषारी वायू त्या बंद खोलीत साठला आणि तो कोसळला. शेगडी पेटवावी तर वायू, विझवावी तर जीवघेणी थंडी. तरी त्यानं तळावर कळवलं नाही. कळवलं तर मित्र त्या काळोखात निघतील आणि जीव गमावतील, ही भीती. रोज कसंबसं यंत्राचं दांडकं फिरवून तो 'सगळं ठीक' असं कळवत राहिला.

मित्र मात्र मित्र होते. त्याच्या संदेशांतली अक्षरं चुकायला लागली, तेव्हाच त्यांना संशय आला. पण त्यांनीही तसं बोलून दाखवलं नाही! आम्हाला उल्का बघायच्या आहेत, तेव्हा तुझ्या बाजूला येतो, असं त्यांनी सांगितलं. दोनदा त्यांना अर्ध्या वाटेतून फिरावं लागलं. तिसऱ्यांदा, ऑगस्टमध्ये, तिघे जण पोचले. बर्ड बाहेर उभा होता. खाली चला, गरम सूप तयार आहे, असं त्यानं पाहुण्यांना सांगितलं, शिडीवरून खाली उतरला आणि तिथेच कोसळला.

म्हणून मधल्या सुट्टीत एखादा मुलगा झाडाखाली एकटाच पुस्तक घेऊन बसलेला दिसला, तर त्याला ओढून खेळायला नेऊ नका. कदाचित त्यानं एकांत मागून घेतला असेल. पण एकदा उल्का बघायला जाऊन या! म्हणजे असंच काहीतरी निमित्त काढा, दोन मिनिटं शेजारी बसा, आणि त्याची अक्षरं चुकत नाहीत ना, एवढं बघा. पालकांनाही हेच सांगावंसं वाटतं. "काही नाही, मी ठीक आहे" हे वाक्य मुलं किती वेळा आणि कोणत्या आवाजात म्हणतात, तिकडे कान असू द्या.

आपल्या देशाचंही अंटार्क्टिकात घर आहे, हे तुम्ही वाचलंच असेल. या मोहिमांचं केंद्र गोव्यात वास्को इथे आहे. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत पहिल्यांदाच दोन भारतीय स्त्रिया गेल्या, सुदीप्ता सेनगुप्ता आणि आपल्या नागपूरच्या आदिती पंत. पुढे २०१६-१७ मध्ये 'इस्रो'च्या मंगला मणी 'भारती' या केंद्रावर ४०३ दिवस राहिल्या. वय होतं ५६, आणि तेवीस जणांच्या तुकडीत स्त्री ती एकटीच. १९८९ साली सुरू झालेल्या आपल्या जुन्या केंद्राचं नाव तर 'मैत्री' असं आहे.

मैत्रीवर हिवाळ्यात जवळजवळ दोन महिने सूर्य उगवत नाही. त्या काळोखाचा मध्य येतो २१ जूनच्या सुमाराला. आपली शाळा तेव्हा नुकतीच उघडलेली असते, नव्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची राहिलेली असतात, बाहेर पाऊस असतो. आणि तिकडे सगळ्या देशांच्या केंद्रांवर मोठा सण असतो! खेळ, गाणी, सोंगं, पक्वान्नं. त्या दिवशी ही केंद्रं एकमेकांना शुभेच्छापत्रं धाडतात आणि त्यांतली कित्येक जण अगदी आग्रहाचं आमंत्रणही लिहितात, की आज आमच्याकडे जेवायला या. मध्ये शेकडो-हजारो किलोमीटर बर्फ, काळोख आणि वादळं. कुणी येऊ शकणार नाही, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही. तरी पत्रात जेवणाची वेळ लिहिलेली असते.